शिकार केलेल्या हरणाचं वय कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिथे हरणांची शिकार परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात होते, तिथे शिकार झालेल्या जनावराचं वय नोंदवणं हे शिकाऱ्याचं कर्तव्यच समजायला हवं. त्या नोंदींवरून पुढच्या हंगामाचे निर्णय घेतले जातात, आणि वय चुकीचं लिहिलं गेलं तर ते निर्णयही चुकतात. खालची उत्तरं मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या व्हाइट-टेल्ड डिअर या जातीबद्दल आहेत, कारण दातांवरून वय काढण्याच्या पद्धतीवर या हरणात भरपूर काम झालं आहे. इतर जातींसाठी काय बदलतं तेही पुढे सांगितलं आहे.

वय सगळ्यात खात्रीने कशावरून कळतं?

दातांवरून. त्यातही खालच्या जबड्यातल्या दाढांवरून. शिंगं, वजन, अंगाचा बांधा, थोबाडावरचे पांढरे केस या सगळ्या गोष्टी वयाबरोबर बदलतात हे खरं, पण खाण्यापिण्यामुळे, आजारपणामुळे आणि वंशामुळेही बदलतात. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याचा क्रम मात्र ठरलेला असतो. एखादं पाडस उपाशी वाढलं तर त्याचं वजन निम्म्यावर राहू शकतं, पण दात येण्याचं वेळापत्रक तेवढं हलत नाही.

शिंगांना जितके फाटे तितकी वर्षं, हे खरं नाही का?

नाही. हा समज इतका पक्का बसलेला आहे की तो खोडायला वेळ द्यायलाच हवा.

हरणाची शिंगं दर वर्षी गळून पडतात आणि नव्याने उगवतात. मागच्या वर्षीच्या शिंगावर या वर्षीचा फाटा चढत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून वाढतं. त्या वर्षी चारा कसा मिळाला, जनावराची तब्येत कशी होती, त्याचा वंश कसा आहे, यावर शिंगांचा आकार ठरतो. वयाचाही वाटा असतोच. व्हाइट-टेल्ड नराची शिंगं साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास सर्वांत भरदार होतात आणि म्हातारपणी पुन्हा उतरतात. त्यामुळे चांगल्या रानातला दीड वर्षाचा नर आठ फाटे मिरवतो आणि निकस रानातला त्याच वयाचा नर दोन साधे सरळ सुळके घेऊन फिरतो. अगदी म्हातारा नरही कधी कमी फाट्यांनिशी सापडतो. फाटे मोजून लिहिलेलं वय म्हणजे निव्वळ तर्क, आणि तो नोंदवहीत जाऊ नये.

शिंगांचा एक उपयोग मात्र खरोखर मोलाचा आहे. दीड वर्षाच्या नरांच्या शिंगाची बुडाजवळची जाडी मोजली, तर त्या भागातल्या कळपाला पुरेसं खायला मिळतंय की नाही याचा अंदाज येतो. पण त्यासाठी तो नर दीड वर्षाचाच आहे हे आधी दातांवरून ठरवावं लागतं.

जबड्यात नेमके कुठले दात पाहायचे?

हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे कडक हिरडीची गादी असते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात दिसतात. त्यातले सहा पटाशीचे आणि कडेचे दोन खरं तर सुळे, पण त्यांचा आकारही पटाशीच्या दातांसारखाच असतो. त्यांच्या मागे मोठी मोकळी जागा, आणि मग दोन्ही बाजूंना प्रत्येकी सहा दाढा: पुढच्या तीन उपदाढा आणि मागच्या तीन मोठ्या दाढा. प्रौढ व्हाइट-टेल्ड डिअरला एकूण ३२ दात असतात.

वय ठरवताना नजर या सहा दाढांवर ठेवायची. समोरून मागे एक ते सहा असे क्रमांक मनात धरा, म्हणजे गोंधळ होत नाही.

पाडस, दीड वर्षाचं आणि प्रौढ, हे तीन गट कसे वेगळे करायचे?

पूर्ण विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे चूक व्हायचं कारण नाही. दोन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: एका बाजूला दाढा किती आहेत? हंगामात हाती येणारं पाडस साधारण पाच-सहा महिन्यांचं असतं. त्याला दुधाच्या तीन उपदाढा असतात, पहिली मोठी दाढ आलेली असते आणि दुसरी हिरडीतून वर येत असते. म्हणजे चार किंवा फार तर पाच. सहावी दाढ दिसतच नसेल तर ते पाडस आहे, पुढे काही पाहायची गरज नाही.

दुसरा प्रश्न: सहा असतील, तर समोरून तिसऱ्या दातावर किती भाग दिसतात? दुधाच्या तिसऱ्या उपदाढेला तीन ठळक भाग असतात. तिच्या जागी येणाऱ्या कायमच्या उपदाढेला दोनच. तीन भागांचा, झिजलेला दात जागेवर असेल तर हरीण दीड वर्षाच्या आसपासचं आहे. दोन भागांचा असेल तर अडीच किंवा त्याहून जास्त.

आता यातली अडचण. दुधाच्या उपदाढा साधारण १८ ते २० महिन्यांच्या दरम्यान पडतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी शिकार झालेल्या दीड वर्षाच्या हरणात कधी दुधाचा दात नुकताच पडलेला असतो आणि खालून नवा डोकावत असतो. अशा वेळी रंग पाहा. नवी उपदाढ स्वच्छ पांढरी आणि धारदार असते, तर तिच्या मागची मोठी दाढ चाऱ्याच्या डागांनी तपकिरी झालेली असते. हा फरक डोळ्यांत भरेल इतका स्पष्ट असतो. शिवाय सगळ्यात मागची, सहावी दाढ अजून अर्धवट हिरडीतच असते.

आणखी एक घोटाळा नवशिके नेहमी करतात. सहाव्या दाढेलाही तीन भाग असतात, आणि ते जन्मभर राहतात. तीन भाग दिसले म्हणून लगेच "दीड वर्ष" लिहू नका. समोरून तिसरा दात पाहायचा आहे, मागून पहिला नाही.

वय नेहमी दीड, अडीच, साडेतीन असंच का लिहितात?

कारण उत्तरेकडच्या भागात बहुतेक पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात आणि शिकारीचा हंगाम शरद ऋतूत, नोव्हेंबरच्या आसपास असतो. त्या वेळी प्रत्येक हरीण पूर्ण वर्षांवर अंदाजे अर्ध्या वर्षाचं असतं. दक्षिणेत हे जुळतंच असं नाही. अलाबामाच्या काही भागांत माजाचा काळ जानेवारीत येतो आणि पाडसं जुलै-ऑगस्टमध्ये जन्मतात. तिथे अर्ध्या वर्षाचा हिशेब दोन-तीन महिन्यांनी सरकतो, म्हणून दात उगवण्याच्या टप्प्यांची तुलना करताना स्थानिक जन्मकाळ माहीत असायला हवा.

अडीच वर्षांच्या पुढचं वय कसं काढतात?

झिजेवरून. न्यूयॉर्क राज्यात सी. डब्ल्यू. सेव्हरिंगहाउस यांनी वय माहीत असलेल्या हरणांच्या जबड्यांचा अभ्यास करून १९४९ मध्ये दात उगवण्याचे आणि झिजण्याचे टप्पे प्रसिद्ध केले. आजही हंगामात तपासणी नाक्यांवर जे तक्ते वापरतात, त्यांचा पाया तोच आहे.

मोठ्या दाढांच्या जिभेकडच्या कडा उंच आणि टोकदार असतात, गालाकडच्या बुटक्या. दाताचं बाहेरचं कठीण आवरण म्हणजे एनॅमल, ते पांढरं दिसतं. कड झिजली की आतलं तपकिरी डेंटीन उघडं पडतं. जिभेकडच्या कडेवर पांढरी पट्टी रुंद की तपकिरी, हे पाहायचं.

अडीच वर्षांना मोठ्या दाढांच्या कडा धारदार असतात, पांढरी पट्टी तपकिरीपेक्षा रुंद असते आणि सहाव्या दाढेच्या शेवटच्या भागाला झीज जवळजवळ नसते. साडेतीनला चौथ्या दातावर, म्हणजे पहिल्या मोठ्या दाढेवर, तपकिरी पट्टी पांढरीपेक्षा रुंद होते आणि सहाव्या दाढेचा शेवटचा भाग सपाट होऊन त्यात खळगा पडायला लागतो. साडेचारला हाच बदल पाचव्या दातावर दिसतो, साडेपाचला सहाव्यावर. त्यानंतर पहिली मोठी दाढ सपाट होत जाते, मधली खाच बुजते, आणि फार म्हाताऱ्या हरणात दाढा हिरडीच्या पातळीपर्यंत गुळगुळीत झालेल्या असतात.

पहिली मोठी दाढ आधी का झिजते? ती आधी येते म्हणून. पाडसाच्या पहिल्या हंगामात ती चावायला लागलेली असते, सहावी दाढ मात्र वर्षभर उशिरा कामाला लागते.

या झिजेवर कितपत विसंबावं?

जपून. तक्ता वाचायला इतका सोपा वाटतो की माणूस "साडेचार" असं छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. पण रवंथ करणाऱ्या जनावराचे दात किती झिजतील हे ते काय खातं आणि चाऱ्याबरोबर किती वाळू-माती तोंडात जाते यावर अवलंबून असतं. रेताड जमिनीवरच्या हरणाचे दात लवकर झिजतात. शेजारच्या दोन खोऱ्यांतही फरक पडतो. एकाच रानातल्या दोन सख्ख्या हरणांतही पडतो.

ओक्लाहोमातल्या संशोधकांनी वय माहीत असलेले जबडे अनुभवी जीवशास्त्रज्ञांपुढे ठेवून ही पद्धत तपासली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष स्पष्ट होता: पाडस आणि दीड वर्षाचं हरीण नीट ओळखता येतं, त्यापुढे एकेका वर्षाचा अंदाज भरवशाचा राहत नाही. म्हणून झीज पाहून "अडीच ते साडेतीन", "चार ते सहा" असा पट्टा लिहावा, असं माझं ठाम मत आहे. नेमका आकडा ऐकायला बरा वाटतो, पण ज्याचा आधार नाही तो आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी हिशेबात खरा म्हणून वापरला जातो.

मग नेमकं वय कळण्याचा काही मार्गच नाही?

आहे. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर दर वर्षी थोडा थोडा चढत जातो. भरभराटीच्या काळात रुंद, फिका पट्टा बनतो आणि हिवाळ्यात वाढ मंदावली की बारीक, गडद रेघ उमटते. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशा या रेघा मोजता येतात.

प्रयोगशाळेत दात आम्लात ठेवून मऊ करतात, मुळाचे अत्यंत पातळ काप घेतात, ते रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सागरी सस्तन प्राण्यांच्या दातांतले वाढीचे थर १९५० च्या सुमारास अभ्यासकांच्या लक्षात आले, आणि १९६० च्या दशकात ही पद्धत हरणांवर रुळली. मोजलेल्या रेघांचा आकडा म्हणजे थेट वय नव्हे. तो दात कितव्या महिन्यात येतो ते लक्षात घेऊन हिशेब करावा लागतो, आणि त्यासाठी जात आणि शिकारीची तारीख माहीत असावी लागते.

ही पद्धतही अचूक म्हणता येणार नाही. कडक हिवाळा असलेल्या भागात रेघा ठसठशीत उमटतात, सौम्य हवामानात पुसट किंवा दुहेरी येतात. तरीही चार-पाच वर्षांच्या पुढच्या हरणासाठी झीज आणि सिमेंटम यांत निवडायचं असेल, तर मी थंड प्रदेशात डोळे झाकून सिमेंटम निवडेन.

प्रयोगशाळेसाठी दात कसा काढायचा?

पुढचे मधले दोन पटाशीचे दात लागतात. महत्त्वाचं आहे ते मूळ, कारण रेघा तिथेच असतात. वरून दिसणारा दात नुसता तोडून पाठवला तर काहीही उपयोग नाही. बारीक धारदार सुरीने दाताच्या दोन्ही बाजूंनी हिरडी खोलवर कापा, मग दात हलकेच मागेपुढे करून सैल करा आणि अख्ख्या मुळासकट बाहेर काढा. शिकारीनंतर लवकर केलं तर सोपं जातं. जबडा सुकला किंवा गोठला की मूळ मोडण्याची भीती असते.

दात पाण्यात उकळू नका, ब्लीचमध्ये टाकू नका. चिकटलेलं मांस पुसून काढा आणि कागदी पाकिटात वाळत ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल राहते आणि बुरशी धरते.

आणि जबडा पाहायचा असेल तर? मुंडकं भरून भिंतीवर लावायचं असेल तर?

मुंडकं ठेवायचं नसेल तर ओठांच्या कोपऱ्यापासून मागे गाल चिरा, लांब दांड्याच्या फांद्या छाटायच्या कात्रीने जबड्याचा मागचा उभा भाग तोडा आणि एक बाजू बाहेर ओढा. मांसाचे तुकडे काढून जबडा वाळवला की तो वर्षानुवर्षं टिकतो.

मुंडकं भरून घ्यायचं असेल तर गालाला हात लावायचा नाही. तोंड उघडं धरण्याचं साधन किंवा मजबूत लाकडी तुकडा अडकवा आणि विजेरीच्या उजेडात तिसरा दात पाहा. दीड की त्याहून जास्त, एवढं तरी निश्चित कळतं. कातडं सोलणाऱ्या कारागिराला आधीच सांगून ठेवलं तर तो खालचा जबडा बाजूला काढून देऊ शकतो.

वजनावरून वय सांगता येतं का?

पाडस आणि प्रौढ यांतला फरक सहसा कळतो, त्यापलीकडे नाही. फ्लोरिडातल्या बेटांवरच्या की डिअर या उपजातीचा पूर्ण वाढलेला नर जेमतेम २५ ते ३५ किलोंचा असतो, तर उत्तरेकडचा नर शंभर किलोंच्या पुढे जातो. एकाच भागातला नरसुद्धा माजाच्या काळात खाणं सोडून बरंच वजन घालवतो.

मादी आणि पाडस यांत गल्लत होते, ती कशी टाळायची?

गोळी झाडण्याआधी. पाडसाचं थोबाड आखूड असतं, कान डोक्याच्या मानाने मोठे वाटतात आणि अंग चौकोनी दिसतं. प्रौढ मादीचं थोबाड लांब आणि शरीर लांबट असतं. दोन जनावरं शेजारी उभी असली की हे सहज कळतं, एकटं असलं की फसगत होते. एकटं, बेफिकीरपणे उघड्यावर आलेलं बिनशिंगी हरीण पुष्कळदा त्या वर्षीचं नर पाडस निघतं. त्याच्या कपाळावर शिंगांच्या जागी फक्त कातडीखालचे दोन उंचवटे असतात. घाई न करता दुर्बिणीतून कपाळ पाहिलं तर ते वाचतं.

जिवंत हरणाचं वय लांबून ओळखता येतं का?

नराचं, ढोबळमानाने. दीड वर्षाच्या नराचे पाय लांब आणि मान बारीक दिसते. साडेतीनच्या सुमारास छाती भरते, पण पोट अजून वर ओढलेलं असतं. पाच वर्षांच्या पुढे मान छातीत मिसळून गेल्यासारखी वाटते, पोट खाली येतं आणि त्यामुळे पाय आखूड भासतात. माजाच्या काळात सगळ्याच प्रौढ नरांच्या माना फुगतात, म्हणून कॅमेऱ्यातल्या दोन फोटोंची तुलना करताना ते एकाच ऋतूतले आहेत ना, हे पाहा. मादीच्या बाबतीत प्रौढ म्हणण्यापलीकडे जाऊ नये.

हेच नियम इतर जातींना लागू होतात का?

तत्त्व तेच, वेळापत्रक वेगळं. युरोपातल्या रो डिअरमध्ये तीन भागांची दुधाची उपदाढ वर्षाच्या आसपासच पडते, म्हणून तिथे तिच्यावरून वर्षाच्या आतलं आणि वरचं इतकंच ठरतं. रेड डिअरमध्ये उलट, ती दोन वर्षांच्या पुढे टिकते. म्यूल डिअरमध्येही दात बदलायला व्हाइट-टेल्डपेक्षा उशीर लागतो. एका जातीचा तक्ता दुसरीला लावला तर सरळ एका वर्षाची चूक होते. रेड डिअरमध्ये नरांच्या दाढा माद्यांपेक्षा लवकर झिजतात, हेही झीज वाचताना ध्यानात ठेवावं.

चितळाची गोष्ट निराळी आहे. टेक्सास आणि हवाईमध्ये बाहेरून आणून सोडलेल्या चितळांची शिकार होते. त्यांच्यात पाडसं वर्षभर जन्मतात आणि पक्क्या शिंगांचा नर कुठल्याही महिन्यात दिसतो. तिथे अर्ध्या वर्षाचा हिशेब पूर्णपणे बाद होतो, फक्त दात कोणत्या टप्प्यावर आहेत एवढंच सांगता येतं.

हरीण किती वर्षं जगतं?

रानात दहा वर्षं ओलांडणारं व्हाइट-टेल्ड डिअर विरळा. माद्या नरांपेक्षा जास्त टिकतात. शिकारीचा ताण असलेल्या भागात बहुतेक नर पाच वर्षांचेही होत नाहीत.

वनखात्याला ही वयं कशाला हवी असतात?

शिकार झालेल्या शिंगवाल्या नरांत दीड वर्षाच्यांचं प्रमाण फार मोठं असेल, तर त्या भागात नर मोठे व्हायच्या आतच मारले जात आहेत असा अर्थ निघतो. माद्यांच्या मानाने पाडसं किती, यावरून कळप वाढतोय की घटतोय ते समजतं. एकाच वयाच्या जनावरांची वजनं वर्षामागून वर्षं घसरत असतील तर रानावर भार जास्त झाला आहे. यातलं एकही अनुमान वयाशिवाय काढता येत नाही.

आजाराचाही संबंध आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा आजार १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्रथम लक्षात आला आणि पुढे बऱ्याच भागांत पसरला. प्रौढ नरांत त्याचं प्रमाण जास्त आढळतं, म्हणून तपासणीच्या नमुन्याबरोबर वय विचारलं जातं. अशा भागात जबडा काढताना हातमोजे घाला, मेंदू आणि मणक्याचा कणा कापू नका, आणि डोकं त्या क्षेत्राबाहेर नेण्याबद्दलचे स्थानिक नियम आधी वाचा.

जबड्याबरोबर काय लिहून ठेवावं?

शिकारीची तारीख, ठिकाण, जात, नर की मादी, आतडी काढल्यानंतरचं वजन, आणि नर असेल तर शिंगाची बुडाजवळची जाडी. वय कोणत्या पद्धतीने ठरवलं तेही लिहा, म्हणजे दात उगवण्यावरून, झिजेवरून की सिमेंटमवरून. हे सगळं कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून जबड्याला बांधा. ओल लागली तर शाई फुटते, पेन्सिल टिकते. पुढे सिमेंटमचा निकाल वेगळा आला तर आधीचा अंदाज खोडू नका, शेजारी नवा लिहा. अशा जोड्या साठत गेल्या की आपल्या भागातले दात तक्त्यापेक्षा लवकर झिजतात की उशिरा, हे कळायला लागतं, आणि पुढच्या हंगामात जबडा हातात घेताना तेवढी दुरुस्ती करता येते.